सॅक थांबले म्हणजे मुलगा मागे पडला असं नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळच्या शाळेत मुलगा अकरावीत आहे, अमेरिकन फुटबॉल खेळतो, उंची सहा फूट दोन इंच, वजन २१५ पौंड. गेल्या वर्षी ४-३ या मांडणीत डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या टोकाचा खेळाडू, म्हणून त्याला सात सॅक मिळाले, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला त्यानं पास सुटायच्या आत सात वेळा पाडलं. यंदा नवे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचे कोच, आले, त्यांनी ३-४ आणली, मुलाला आत सरकवून समोरच्या संघाच्या टॅकल या खेळाडूच्या थेट समोर उभं केलं आणि चार सामने झाले तरी एकही सॅक नाही. घरी आला की गप्प असतो. त्याला चुकीच्या जागी टाकलंय का, २० पौंड वजन वाढवायला सांगतायत ते करावं का, आणि पुढच्या वर्षी शाळा बदलावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी टेक्सासमध्येच हायस्कूलला गणित शिकवतो आणि डिफेन्सिव्ह लाइनच्या मुलांना तयार करतो. ४-३ वरून ३-४ वर जाणारे संघ पाहिलेत आणि उलट येणारेही. तुमच्या मुलाचा खेळ मी पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी छातीठोकपणे सांगता येणार नाहीत. त्या कोणत्या हे जिथल्या तिथे सांगेन. पण एक गोष्ट आत्ताच सांगतो: डिफेन्सिव्ह एंड हे नाव तेच राहिलं असलं तरी यंदा त्याच्याकडे काम बहुतेक दुसरंच दिलेलं आहे. जुन्या कामाच्या मापानं ते मोजलं तर हाती काही लागणार नाही.

बहुतेक पालक तीन आणि चार या आकड्यांत अडकतात. ४-३ म्हणजे हात जमिनीला टेकवून उभे राहणारे चार लाइनमन आणि मागे तीन लाइनबॅकर. ३-४ म्हणजे तीन लाइनमन आणि चार लाइनबॅकर. दोन्हीकडे माणसं सातच. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांची पुढची फळी म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, मग टॅकल, आणि टोकाला टाइट एंड. त्यांच्यामधल्या फटींना, म्हणजे गॅपना, आम्ही अक्षरं दिलेली असतात. सेंटर आणि गार्डमधली ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकल आणि टाइट एंडमधली सी, त्याच्याही बाहेरची डी. चेंडू घेऊन धावणारा यातल्याच कुठल्या तरी गॅपमधून येणार, म्हणून प्रत्येक गॅपला कोणीतरी जबाबदार लागतो. तुमच्या मुलाच्या नावावर एक गॅप आहे की दोन, हे आधी समजून घ्यायला हवं. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

गेल्या वर्षी तो टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहत असणार. त्याला आमच्या भाषेत ५ टेक्निक म्हणतात. त्याची गॅप एकच, सी. स्नॅप झाला, म्हणजे सेंटरनं चेंडू मागे दिला, की सुसाट त्या गॅपमध्ये घुसायचं, वाटेत क्वार्टरबॅक सापडला तर सॅक, चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक सापडला तर त्याला पाडायचं (या पाडण्यालाही टॅकलच म्हणतात). यंदा तो टॅकलच्या नाकासमोर, म्हणजे ४ टेक्निकला उभा आहे. इथे कोच दोन गॅप मागत असतील, तर त्याच्या डावी-उजवीकडची बी आणि सी दोन्ही त्याच्याच. म्हणजे घुसायचं नाही. समोरच्या माणसाला दोन्ही हातांनी धरून जागच्या जागी ताणून ठेवायचं, चेंडू कुठे चाललाय ते बघायचं आणि त्या बाजूला त्याला झटकून धावणाऱ्याला अडवायचं. एकात पहिलं पाऊल टाकायचं ते पलीकडे पोचण्यासाठी, दुसऱ्यात हटू नये म्हणून.

आता हे सगळं शरीराला नव्यानं शिकवावं लागतं, आणि वेळ जातो तो इथेच. उभं राहण्याची ढबच घ्या. एका गॅपचा एंड पुढे झुकलेला असतो. वजन हातावर इतकं की बोटांची टोकं पांढरी पडतात, एक पाऊल बरंच मागे, धावपटूसारखं. दोन गॅपवाल्यानं असं उभं राहिलं तर बाजूला सरकताच येत नाही. त्याला पाय जवळजवळ समांतर ठेवावे लागतात, मागच्या पायाचा अंगठा पुढच्या पायाच्या मध्याशी. पाठ सपाट, वजन मांड्यांवर, आणि जमिनीवरचा हात उचलला तरी तोल जाऊ नये इतका हलका. कवायतीत मी मुलांना मध्येच तो हात उचलायला सांगतो. जो पुढे कोलमडतो त्याची ढब अजून जुनीच आहे हे लगेच कळतं.

मग नजर. गेल्या वर्षी त्याला चेंडूकडे बघायला शिकवलं असणार: चेंडू हलला की निघ. आता त्यानं समोरच्या टॅकलचं हेल्मेट वाचायचं. हेल्मेट बाहेरच्या बाजूला झेपावलं तर धाव बाहेर चाललीय. आत वळून शेजारच्यावर गेलं तर टॅकल डाउन ब्लॉक करतोय आणि आपल्यावर आतून दुसरा कोणी आदळायला येतोय. सरळ अंगावर आलं तर हातांनी लढायचं. आणि हेल्मेट वर उचललं जाऊन मागे गेलं तर पास. हे सगळं पहिल्या पावलात वाचायचं, आणि पाऊलही जेमतेम सहा इंचांचं. ज्या मुलाला चेंडू हलताच सुटायची सवय आहे, त्याला हे वाचन जमेपर्यंत प्रत्येक स्नॅपला क्षणभर उशीर होतो. बाकावर बसून बघणाऱ्याला वाटतं पोरगा सुस्तावलाय. तो विचार करत असतो. विचार करणारा लाइनमन संथच दिसतो, आणि तो टप्पा ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हातांचं तर वेगळंच शास्त्र आहे. अंगठे वर, कोपरं बरगड्यांशी, तळवे समोरच्याच्या काखेच्या थोडे आत, छातीवर. जो आधी आत हात घालेल त्याच्या ताब्यात समोरचा. मग हात सरळ करून मधे अंतर ठेवायचं. अंतर राहिलं तर दोन्ही गॅप दिसतात, छातीला छाती भिडली तर एकही दिसत नाही. यासाठी मी नव्या स्कीमच्या सुरुवातीला संघाचा एकत्र सराव जरा मागेच ठेवतो. आधी स्लेडवर, म्हणजे ढकलायच्या गादीदार सांगाड्यावर, गुडघे टेकून फक्त हात, मग उभं राहून एक पाऊल आणि हात, मग समोर माणूस, मग अर्धी लाइन. घाई करणाऱ्या संघांत मुलं प्ले पाठ करतात पण हात जुनेच राहतात.

आता सॅक का आटले ते कळेल. पास आहे हे ओळखेपर्यंत त्यानं आधी धावेची जबाबदारी पार पाडलेली असते. त्यात क्वार्टरबॅकला हवा तो वेळ मिळून जातो. शिवाय टॅकलच्या नाकासमोरून बाहेरच्या कडेनं वळसा घालायला जागाच नसते, त्यामुळे गेल्या वर्षीचा वेगाचा डाव इथे चालत नाही. इथून जमतं ते बळानं मागे रेटणं, आणि समोरचा तोल सावरायला पुढे झुकला की त्याला ओढून बाजूनं निसटणं. हे शिकता येतं. फक्त ते धावेविरुद्धचे हात पक्के झाल्यावर येतं, आधी नाही.

हे झालं एकट्याचं. पण फळी एकट्याच्या बदलानं बदलत नाही. ३-४ मध्ये मधला लाइनमन, म्हणजे नोज, सेंटरच्या समोर उभा राहतो आणि त्यानं सेंटरबरोबर एका गार्डलाही गुंतवून ठेवणं अपेक्षित असतं. एंड टॅकलला अडकवतो आणि जमलं तर त्या बाजूच्या गार्डलाही. हे तिघे पाच जणांना खिळवून ठेवू शकले की मागचे आतले दोन लाइनबॅकर मोकळे सुटतात आणि धावणाऱ्याला पाडणाऱ्यांच्या यादीत त्यांची नावं लागतात. कबड्डीत साखळीतला एक गडी चढाई करणाऱ्याला कोपऱ्यात दाबतो आणि पकड दुसऱ्याच्या नावावर लागते, तसंच हे. तुमच्या मुलाचा हिशोब बघायचा असेल तर त्याच्या मागच्या लाइनबॅकरचे आकडे बघा. ते गेल्या वर्षीपेक्षा वाढले असतील, तर त्यात तुमच्या मुलाचा वाटा मोठा आहे.

सुरुवातीच्या सामन्यांत हमखास दिसणारी चूक म्हणजे दोघं एकाच गॅपमध्ये. एंडला जुन्या सवयीनं वाटतं की बाहेरची कड आपण सांभाळायची, म्हणून तो बाहेर सरकतो. तिथे आता बाहेरचा लाइनबॅकर आधीच उभा असतो. मग बी गॅप उघडी पडते आणि रनिंग बॅक त्यातून आरपार. बाहेर माझा माणूस आहे, मी आत थांबलो तरी चालेल, असा विश्वास बसायला मुलांना वेळ लागतो. तोंडी सांगून तो बसत नाही. शनिवारी सगळ्यांनी मिळून फिल्म बघताना तोच तोच प्ले पुन्हा थांबवून दाखवला की बसतो.

व्यावसायिक फुटबॉलमधलं एक उदाहरण मी पालकांना नेहमी देतो. ग्रीन बे पॅकर्स २००८ च्या मोसमात सहा सामने जिंकून दहा हरल्यावर २००९ च्या जानेवारीत डॉम केपर्स डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून आले आणि ४-३ मोडून ३-४ आणली. नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर बी. जे. राजी आणि सव्विसाव्या क्रमांकावर क्ले मॅथ्यूज घेतले. म्हणजे एक मधे भिंत होणारा आणि एक बाहेरून येणारा. रायन पिकेट, जॉनी जॉली, कलन जेन्किन्स ही जुनी मंडळी तीन जणांच्या फळीत बसवली. त्या वर्षी धावेविरुद्ध पॅकर्स लीगमध्ये पहिले आले. पण त्याच मोसमात पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गरनं त्यांच्यावर ५०३ यार्ड पास टाकले, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, ॲरिझोनानं ५१-४५ नी बाहेर काढलं. फळी धाव अडवायला आधी शिकली, पासवरचा दबाव नंतर आला. पुढच्याच मोसमात राजीनं नोजवरून साडेसहा सॅक काढले, जेन्किन्सनं सात, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये पिट्सबर्गलाच ३१-२५ हरवून पॅकर्स सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले. जगातले सर्वोत्तम खेळाडू पूर्ण वेळ हेच काम करतात, तरी त्यांना एक मोसम लागला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे आपण चार सामन्यांत उत्तर मागतोय.

त्याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ॲरन कॅम्पमन हा पॅकर्सचा उत्तम एंड होता, २००६ मध्ये साडेपंधरा सॅक. ३-४ मध्ये त्याला उभ्यानं खेळणारा बाहेरचा लाइनबॅकर केलं. २००९ मध्ये नऊ सामन्यांत साडेतीन सॅक, मग गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, आणि पुढच्या वर्षी तो जॅक्सनव्हिलला गेला. म्हणजे स्कीम संघाला फळली तरी प्रत्येक खेळाडूला फळतेच असं नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत ही शक्यता मी नाकारत नाही. फक्त ती चार सामन्यांवरून ठरवायची नसते.

आणि ३-४ चा एंड म्हणजे कायमचा बिनसॅकचा, हेही खरं नाही. वेड फिलिप्स २०११ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सकडे बचावाचे कोच म्हणून आले. ते ३-४ लावायचे पण लाइनमनना गॅप एकेकच द्यायचे, घुसायची पूर्ण मोकळीक. २०१० मध्ये यार्डांच्या हिशोबात तिसावा असलेला डिफेन्स एका वर्षात दुसरा झाला. त्यांचा एंड जे. जे. वॉट, त्यानं २०१२ मध्ये साडेवीस सॅक काढले. याउलट न्यू इंग्लंडचा रिचर्ड सीमोर. तिथे एंडकडून दोन गॅप राखण्याची अपेक्षा असायची, आणि बारा मोसमांच्या कारकिर्दीत एकाही वर्षी त्याचे आठाच्या वर सॅक नाहीत. तरी तो २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. दोघेही ३-४ चे एंड, कामं वेगळी, आणि दोघांची किंमत जाणकारांना पुरेपूर कळलेली.

म्हणून मुलाच्या कोचना भेटलात तर 'माझ्या मुलाला सॅक का मिळत नाहीत' असं विचारू नका. त्यानं संवाद तिथेच थांबतो. 'बेसमध्ये, म्हणजे नेहमीच्या मांडणीत, त्याच्याकडे एक गॅप आहे की दोन?' असं विचारा. खरं तर मुलानंच विचारलेलं उत्तम, तुम्ही नंतर. हायस्कूलमध्ये सेंटर आणि गार्ड दोघांना एकटा पेलेल असा नोज क्वचितच मिळतो, म्हणून बरेच कोच ३-४ लावून स्नॅपबरोबर तिघांनाही एका बाजूला तिरकं घुसवतात. तसं असेल तर तुमचा मुलगा टॅकलच्या समोर उभा दिसला तरी त्याची गॅप एकच आहे, आणि मग त्याचा वेग वाया जाण्याचं कारण नाही. वर सांगितलेलं पाऊल आणि नजर तेव्हा वेगळी होते. टॅकलच्या आतल्या गॅपमध्ये लांब पाऊल, आतला खांदा खाली, आणि पलीकडचा हात ओढून आणायचा.

दुसरं विचारायचं ते तिसऱ्या डाउनचं, म्हणजे दहा यार्ड गाठायच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याचं. समोरचा पास टाकणार हे नक्की असतं तेव्हा बहुतेक संघ एक लाइनबॅकर किंवा लाइनमन काढून मागे पास अडवणारा पाचवा बॅक आणतात आणि पुढे चार जण लावतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये तर आता निम्म्याहून जास्त प्ले पाच किंवा अधिक बॅक घेऊनच खेळले जातात. त्या चारांत तुमचा मुलगा बाहेरच्या कडेला असेल तर त्याचा जुना डाव तिथे जिवंत आहे. नसेल, तर 'तिथे जागा मिळवायला मी काय करू?' असं त्यानं कोचना विचारायला अजिबात संकोच करू नये. मला माझ्या खेळाडूंनी विचारलेला सगळ्यात आवडता प्रश्न हाच आहे.

कोचनी हा बदल का केला असेल याबद्दल दोन शब्द. इथल्या शाळा मैदानभर पसरून, झपाट्यानं खेळतात. अशा वेळी २१५ ते २५० पौंडांचे चार चांगले लाइनमन उभे करण्यापेक्षा तीन शोधणं आणि एक चपळ मुलगा जास्त ठेवणं बहुतेक शाळांना परवडतं. शिवाय तिघांबरोबर अंगावर घुसणारा चौथा कोण हे समोरच्या क्वार्टरबॅकला आधी कळत नाही. हा काही नवा शोध नाही. १९४० आणि ५० च्या दशकांत कोच बड विल्किन्सन यांच्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघानं खेळलेली ५-२ ही ३-४ ची पूर्वजच.

वजनाबद्दल मला मनापासून काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो. दोन गॅप खेळायला वजन उपयोगी पडतं हे खरं, पण मोसम चालू असताना वीस पौंड वाढवायला घेऊ नका. जे वाढेल ते पोटावर वाढेल, टेक्सासच्या उन्हात तो आधी थकेल आणि त्याचं पहिलं पाऊल, जे त्याचं खरं भांडवल आहे, ते जाईल. मोसम संपल्यावर वेट रूममध्ये स्क्वॉट आणि क्लीन हे वजनाचे व्यायाम वाढले, झोप आणि जेवण नीट झालं, की वाढत्या वयात वजन येतंच. आहाराबद्दल शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरशी आणि तुमच्या डॉक्टरांशी बोला. डब्यांतल्या पावडरीवर आणि समाजमाध्यमांवरच्या सल्ल्यावर नको. घरी शाकाहारी जेवण असेल तरी चालतं, फक्त डाळ, पनीर, दही, शेंगदाणे किती खाल्ले याचा हिशोब ठेवावा लागतो.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. नाकासमोर उभं राहणारा लाइनमन जवळजवळ प्रत्येक स्नॅपला धडकतो. हात आधी आणि डोकं वर, हे पाळलं तर त्या धडका हातांवर आणि खांद्यांवर जातात. हात उशिरा आले तर हेल्मेट आधी पोचतं. त्याचे व्हिडिओ बघताना एवढं जरूर पाहा. मोसमात पूर्ण संपर्काच्या सरावाला यूआयएलनं, म्हणजे टेक्सासच्या शालेय स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेनं, आठवड्याला ९० मिनिटांची मर्यादा घातलेली आहे, ती पाळली जातेय ना हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. डोकं दुखतंय, प्रकाश सहन होत नाही असं तो म्हणाला, तर तो विषय त्याच दिवशी ट्रेनरपर्यंत गेला पाहिजे. घरी आल्यावरचा गप्पपणा फक्त निराशेचा आहे की आणखी कशाचा, हे तुम्ही शांतपणे विचारून घ्या.

शाळा बदलण्याबद्दल माझं मत: खेळासाठी बदलू नका. खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं तर यूआयएलच्या नियमानुसार किमान एक वर्ष व्हार्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघातून, खेळता येत नाही. म्हणजे बारावीचं वर्ष, सगळ्यात महत्त्वाचं, हातचं जाईल. कॉलेजचे कोच आकड्यांच्या तक्त्यावर थांबत नाहीत, फिल्म बघतात. सहा फूट दोन इंच आणि २१५ पौंडांच्या मुलाकडे त्यातले बरेच जण बाहेरच्या कडेचा खेळाडू म्हणूनच बघतील. त्यांना गेल्या वर्षीचा वेग माहीत असेल आणि यंदा त्याच मुलानं मोठ्या टॅकलला हातांनी ताणून ठेवलेलं दिसलं, तर ती फिल्म गेल्या वर्षीपेक्षा वजनदार ठरेल. हडल या खेळाडूंच्या व्हिडिओंच्या संकेतस्थळावर त्याच्या हायलाइट्समध्ये सॅक नसले तरी असे दहा-बारा स्नॅप घालायला सांगा.

येत्या शुक्रवारी चेंडूकडे बघू नका, धावेच्या प्लेमध्ये फक्त त्याच्याकडे बघा. स्नॅपनंतर तो जिथे होता तिथेच आहे का, की मागे ढकलला गेलाय? त्याचे हात समोरच्याच्या छातीवर आहेत की बाहेर, खांद्यांवर? दोघे मिळून त्याच्यावर आले तर तो कंबर खाली घालून टिकतो का? आणि धाव दुसऱ्या बाजूला गेली तरी तो सुटून मागे धावतो का? शक्य असेल तर पहिला आणि चौथा सामना असेच शेजारी ठेवून बघा. कोचकडून गॅपचं उत्तर मिळालं आणि संघाचा नोज साधारण केवढा आहे हे कळलं की इथेच लिहा, मग पास रशसाठी, म्हणजे पासच्या वेळी क्वार्टरबॅकवर धावून जाण्यासाठी, त्यानं आधी कोणता डाव घ्यावा हे नेमकं सांगतो.